तंबोऱ्याची जुळवणी

तंबोऱ्याच्या चार तारा गायकाच्या आधारषड्जाशी व परस्परांशी पूर्णपणे मिळतील अशा ताणून स्थिर करण्याची क्रिया. हिला ‘तंबोरा लावणे’, ‘तंबोरा मिळविणे’ किंवा ‘सुरात लावणे’ असेही म्हणतात. भारतीय रागसंगीतात आधारस्वर अखंड वाजत असतो व गायकाचा प्रत्येक स्वर त्याच्याशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे तंबोऱ्यातील बारीकशी त्रुटीही संबंध मैफलभर पुन:पुन्हा ऐकू येते. या कामाला नेमका किती वेळ लागतो, हा प्रश्न विद्यार्थी, मैफलीचे संयोजक आणि कधीकधी कंटाळलेले श्रोतेही विचारतात. त्याचे उत्तर मिनिटांत देता येते; मात्र ती मिनिटे कशात खर्च होतात हे कळल्याखेरीज त्या उत्तराला फारसा अर्थ राहत नाही.

तारा जुन्या व बसलेल्या असतील, जवारी चांगली असेल आणि वाद्य त्या जागेच्या हवेला सरावलेले असेल, तर तयार कानाच्या माणसास एक तंबोरा लावण्यास साधारणपणे पाच मिनिटे पुरतात. मैफलीसाठी दोन तंबोरे एकमेकांशी मिळवावयाचे असल्यास पंधरा ते वीस मिनिटे धरावी लागतात. कारण आठ तारांपैकी प्रत्येकीचा उरलेल्या सातींशी संबंध असतो. नव्या तारा चढविलेला तंबोरा त्या दिवशी कितीही नीट लावला, तरी तारा ताणल्या जाऊन व खुंट्यांवरील वेढे घट्ट बसून तो स्थिर होण्यास काही दिवस जातात. नवशिक्याचा अर्धा तास गेला तरी पुष्कळदा तंबोरा लागत नाही. त्याची खुंटी पिळण्यात चूक होते असे नाही. काय ऐकावयाचे हे त्याला अजून उमगलेले नसते. खुंटी पिळण्याचे काम सेकंदांचे आहे. वेळ जातो तो ऐकण्यात.

तारा व अवयव : तंबोऱ्याचा भोपळा, त्यावरील लाकडी तबली, पोकळ दांडी, तबलीवरील घोडी, दांडीच्या वरच्या टोकाकडील अटी व तारगहन, चार खुंट्या आणि घोडीखाली तारांत ओवलेले मणी हे अवयव जुळवणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. तारा भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या लंगोटापासून निघून मण्यांतून व घोडीवरून जातात आणि अटी व तारगहन ओलांडून खुंट्यांना गुंडाळल्या जातात. पहिली तार सामान्यतः मंद्र पंचमात, मधल्या दोन मध्य षड्जात व चौथी मंद्र षड्जात लावतात. मधल्या दोन तारांना ‘जोड’ किंवा ‘जोडी’ व चौथीस ‘खरज’ म्हणतात. जोडीच्या तारा पोलादी व खरजाची पितळी असते. पुरुषी तंबोऱ्यात पहिली तारही काही वेळा पितळी घालतात.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एक या पट्टीत असल्यास जोडीची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) सु. १३९ असते, पंचमाची सु. १०४ व खरजाची सु. ६९. स्त्रियांचा षड्ज पांढरी सहा धरल्यास हेच आकडे अनुक्रमे २२०, १६५ व ११० येतात. पुढील विवेचनात सोयीसाठी हे दुसरे आकडे घेतले आहेत.

विस्पंद आणि वेळ : कंप्रतेत थोडासाच फरक असलेले दोन स्वर एकाच वेळी वाजले, की त्यांच्या लहरी क्रमाने एकमेकींस बळ देतात व एकमेकींस मारक ठरतात. त्यामुळे आवाज लहानमोठा होत असल्याचा भास होतो. या हेलकाव्यांना विस्पंद म्हणतात. एका सेकंदातील विस्पंदांची संख्या दोन कंप्रतांतील फरकाइतकी असते. जोडीची एक तार २२० व दुसरी २२३ असेल, तर दर सेकंदास तीन हेलकावे येतात आणि कोणाच्याही कानास ते खटकतात. दुसरी तार २२१ वर आणली, की सेकंदास एकच हेलकावा राहतो. आणि २२०·१ वर आणली, की एक हेलकावा पुरा होण्यास दहा सेकंद लागतात.

जुळवणीच्या वेळेचा खरा हिशेब येथे आहे. तारा जसजशा जवळ येतात, तसतसा त्यांच्यातील उरलेला फरक ओळखण्यास अधिक वेळ ऐकावे लागते. सुरुवातीची मोठी चूक क्षणार्धात कळते, तर शेवटची बारीक चूक कळण्यास तिच्याच मानाने पाच-दहा सेकंद थांबणे भाग असते. कान कितीही तीक्ष्ण असला, तरी जो हेलकावा अजून पुरा झालेलाच नाही, तो त्याला ऐकू येणार नाही. घाईघाईने लावलेला तंबोरा पहिल्या दोन मिनिटांत बरा वाटतो व आलाप सुरू झाल्यावर बिघडलेला भासतो, त्याचे हेच कारण आहे. तो मागाहून बिघडलेला नसतो. आधीच उरलेला संथ हेलकावा ऐकण्यास तेव्हा कोणी थांबलेले नसते.

यात आणखी एक अडचण आहे. छेडलेल्या तारेचा नाद काही सेकंदांतच क्षीण होतो आणि चार तारा क्रमाने छेडीत असता तीच तार पुन्हा चार-पाच सेकंदांनी येते. म्हणजे दहा सेकंदांचा विस्पंद सबंध ऐकण्याची संधी मुळात मिळतच नाही. असे असूनही जाणती माणसे इतकी बारीक जुळवणी करतात, ती तारेच्या मूळ स्वराकडे लक्ष न देता तिच्या वरच्या उपस्वरांकडे लक्ष देऊन. प्रत्येक तारेतून मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे स्वयंभू स्वर एकाच वेळी निघत असतात. दोन तारांत ०·१ कंपनाचा फरक असेल, तर त्यांच्या पाचव्या उपस्वरांत (१,१०० व १,१००·५) तो पाचपट होतो व विस्पंद दर दोन सेकंदांस येतो. दहा सेकंदांचे काम अशा रीतीने दोन सेकंदांत होते. मात्र त्यासाठी तो उपस्वर स्पष्ट ऐकू यावयास हवा, आणि तो ऐकू येणे हे जवारीवर अवलंबून असते.

जवारी : तंबोऱ्याची घोडी सतारीप्रमाणे रुंद असून तिचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता व बाकदार घासलेला असतो. कंप पावणारी तार या उतारावर टेकत-सुटत राहते. त्यामुळे तिचे उपस्वर दीर्घकाळ व ठळकपणे उमटतात. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा ठेवून ही टेकण्याची जागा नियंत्रित करतात. घोडीच्या पृष्ठभागास आणि त्यापासून निघणाऱ्या झंकारयुक्त नादास, दोहोंसही जवारी म्हणतात. ज्या बिंदूपाशी एखाद्या उपस्वराचा निष्पंद (कंपनरहित जागा) असतो, तेथेच तार छेडल्यास तो उपस्वर उमटत नाही, असा तंतुवाद्यांविषयीचा नियम टॉमस यंग याच्या नावाने प्रसिद्ध होता. तंबोरा व वीणा यांत हा नियम पाळला जात नाही व याचे कारण घोडीची विशिष्ट रचना होय, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.

जवारीकडे बहुतेक ठिकाणी नादमाधुर्याचे साधन म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु ती जुळवणीचे साधनही आहे, हे सहसा सांगितले जात नाही. बंद जवारीच्या तंबोऱ्यात वरचे उपस्वर दबलेले असल्याने कानाला धरण्यासारखे काही मिळत नाही. असा तंबोरा लवकर लागल्यासारखा वाटतो, पण खरोखर लागलेला नसतो. उघड्या जवारीत चूक लपत नाही, म्हणून ती नवशिक्यास त्रासदायक व जाणत्यास सोयीची वाटते. धागा केसभर पुढेमागे सरकविला, तरी नाद उघडतो अथवा मिटतो. त्याबरोबर सूरही किंचित हलतो. म्हणून धागा बसविल्यावर तार पुन्हा तपासावी लागते.

उत्तम लागलेल्या तंबोऱ्यात खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो हा पाचवा उपस्वर होय. खरज ११० असता त्याचा पाचवा उपस्वर ५५० येतो व ४४० या तार षड्जाचा तो शुद्ध गंधार होय. हा स्वयंभू गंधार खुलला म्हणजे तंबोरा लागला, अशी गवयांची जुनी कसोटी आहे. मिरजेत वास्तव्य केलेले किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा तंबोरा जुळविण्यातील व वाद्यदुरुस्तीतील हातखंडा त्यांच्या गायनाइतकाच वाखाणला जात असे.

जुळवणीचा क्रम : प्रथम गायकाच्या पट्टीचा षड्ज एखाद्या स्थिर सुराच्या वाद्यावरून घेऊन जोडीतील एक तार त्याच्याशी मिळवितात व दुसरी तिच्याशी. नंतर खरज लावतात. खरजाचा दुसरा उपस्वर जोडीच्या मूळ स्वराशी मिळाला पाहिजे. शेवटी पंचम लावतात. पंचमाचा दुसरा उपस्वर व खरजाचा तिसरा (दोन्ही ३३०), तसेच पंचमाचा चौथा व जोडीचा तिसरा (दोन्ही ६६०) एकमेकांवर बसले, की पंचम शुद्ध झाला. पंचम पेटीवरून घेऊ नये. त्याचे कारण पुढे आले आहे.

खुंटीने सूर नेहमी खालून वर आणावा. वरून खाली उतरविलेली तार अटीपाशी व तारगहनापाशी घर्षणाने अडकून राहते आणि काही वेळाने आपोआप सुटून सूर उतरतो. खुंटी घसरत असल्यास तिला खडूची पूड लावतात. खुंटीने तार जवळ आणल्यावर बारीक काम मण्याने करतात. मणी घोडीपासून लंगोटाकडे सरकविला, की तारेखालची जागा कमी होत गेल्याने तार उचलली जाऊन ताण वाढतो व सूर चढतो. घोडीकडे आणला, की उतरतो. एक तार ताणली की तबलीवरील एकूण दाब बदलून बाकीच्या तारा किंचित सैल पडतात, म्हणून चौथी तार लागल्यावर पुन्हा पहिलीपासून फेरी मारावी लागते. पाचापैकी निदान दोन मिनिटे या दुसऱ्या फेरीत जातात आणि ती टाळता येत नाहीत.

तार छेडण्याच्या रीतीसही महत्त्व आहे. जोराने ओढून सोडलेली तार आरंभी किंचित चढी बोलते व नंतर खाली येते. जुळवणीच्या वेळी जोरात छेडून लावलेला तंबोरा प्रत्यक्ष साथीत हळुवार छेडला, की उतरलेला वाटतो. याकरिता साथीला बसणाऱ्यानेच आपल्या नेहमीच्या हाताने तंबोरा लावणे श्रेयस्कर.

पंचमवर्ज्य रागांत पहिली तार बदलावी लागते. मालकंसासारख्या रागासाठी ती मध्यमात, तर पूरिया, मारवा किंवा सोहनी यांसाठी बहुधा निषादात लावतात. तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने पंचमाचा मध्यम करताना ताण सु. २१ टक्क्यांनी कमी होतो आणि पंचमाचा निषाद करताना तो सु. ५६ टक्क्यांनी वाढतो. इतका बदल झालेली तार लगेच स्थिर होत नाही. ती मिनिटामिनिटाला उतरत राहते. मैफलीच्या मध्यावर असा राग घेण्याचा बेत असेल, तर निषादाचा दुसरा तंबोरा आधीच लावून ठेवणे हाच खरा उपाय आहे.

हवामानाचा परिणाम : एकदा उत्तम लावलेला तंबोरा किती वेळ तसाच राहील, हे हवेवर ठरते. तापमान वाढले की तार प्रसरण पावून सैल पडते व सूर उतरतो. कमी झाले की चढतो. पितळ पोलादाच्या सु. दीडपट प्रसरण पावते, शिवाय खरजाची तार मुळातच कमी ताणलेली असते. त्यामुळे तापमानातील त्याच बदलाने खरज जोडीपेक्षा कितीतरी अधिक सरकतो. चारही तारा सारख्याच उतरल्या असत्या, तर गायकाने आपला षड्ज थोडा खाली घेऊन भागविले असते. त्या असमान उतरतात, हीच अडचण आहे. दमटपणाचा परिणाम लाकडावर व सुतावर होतो. पावसाळ्यात तबली फुगून घोडी किंचित वर उचलली जाते व खुंट्या आपल्या भोकांत घट्ट अडकतात. उन्हाळ्यात लाकूड आटून त्याच खुंट्या घसरू लागतात.

नाशिक हे या दृष्टीने बोलके उदाहरण होय. सु. ६०० मी. उंचीवरील या शहरी जानेवारीतील पहाटेचे तापमान १० अंश से.च्या आसपास असते व दुपारी ते २८–२९ अंशांपर्यंत चढते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट, तर एप्रिल-मेमध्ये अतिशय कोरडी असते. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात येथे रामनाम आधाराश्रम स्थापन करून शिष्यांना आपल्याजवळ ठेवून शिकविले. अशा गुरुगृही पहाटे खरजाची मेहनत करण्यापूर्वी तंबोरा लावणे हे शिष्याचे काम असे, आणि पहाटे लावलेला तंबोरा दुपारच्या शिकवणीस तसाच चालेल, ही अपेक्षा नाशिकच्या हिवाळ्यात व्यर्थच ठरावी. आजही शहरात पिंपळपारावर दिवाळीच्या पाडव्यास पहाटे उघड्यावर मैफल होते. अंधार असताना गार हवेत लावलेला तंबोरा ऊन चढू लागले की उतरतो, व तोही खरजापासून. पुण्यात १९५३ पासून डिसेंबरमध्ये होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी अनुभव उलट येतो. संध्याकाळनंतर हवा थंड होत जाते आणि तारा चढत जातात. त्यात मंचावरील दिव्यांची ऊब त्यांना उतरवू पाहते. दोन गायनांमधील मध्यंतरात तंबोरे पुन्हा लावण्यास लागणारा वेळ हा गायकाचा लहरीपणा नव्हे. तंबोरा ज्या जागी वाजावयाचा, त्या जागी किमान अर्धा तास आधी उघडा ठेवला, म्हणजे पुढची निम्मी दुरुस्ती वाचते. सभागृहाच्या वातानुकूलित मंचावर शेजारच्या उबदार खोलीत लावलेला तंबोरा आणून ठेवणे ही तर हमखास फसगत होय.

पियानो व पेटी यांच्याशी तुलना : पाश्चात्त्य संगीतातील पियानोची जुळवणी हे स्वतंत्र व्यवसायाचे काम आहे. पियानोच्या ८८ पट्ट्यांना सु. २३० तारा असतात व त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टन भरतो. वरच्या व मधल्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असून त्या तिन्ही एकस्वर कराव्या लागतात. नियमित निगा राखलेला पियानो लावण्यास कसबी माणसास दीड तासाच्या आसपास लागतो. वर्षानुवर्षे न लावलेला, सूर पुष्कळ उतरलेला पियानो मात्र एका बैठकीत लागत नाही. सर्व तारा ताणीत नेता नेता आधी लावलेल्या पुन्हा उतरतात, म्हणून प्रथम ढोबळ व नंतर बारीक अशा दोन फेऱ्या कराव्या लागतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा यावे लागते. येथेही तारांखालील लाकडी फळी दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आटते. कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळ्यात पियानो चढतो तो त्यामुळेच.

दीड तासात २३० तारा म्हणजे एका तारेस सु. २३ सेकंद होतात. तर पाच मिनिटांत चार तारा म्हणजे तारेगणिक ७५ सेकंद. चार तारांचे साधे दिसणारे वाद्य तारेमागे तिप्पट वेळ घेते, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. दोन्ही कामांचे उद्दिष्ट वेगळे आहे, यात त्याचे स्पष्टीकरण सापडते. पियानोचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते, जेणेकरून कोणत्याही पट्टीत वाजविता यावे. या सोयीसाठी त्यातील पंचम शुद्ध पंचमापेक्षा किंचित उतरा व गंधार शुद्ध गंधारापेक्षा बराच चढा ठेवावा लागतो. २२० च्या षड्जावरील शुद्ध पंचम ३३० असता पियानोवर तो ३२९·६ येतो आणि ५५० च्या गंधाराऐवजी तेथे सु. ५५४·४ मिळतो. म्हणून पियानो लावणारा विस्पंद नाहीसे करीत नाही. एकस्वर तारांखेरीज इतरत्र ते ठराविक वेगाने शिल्लक ठेवतो. तंबोऱ्यात ही तडजोड नाही. तेथे विस्पंद शून्यावर आणावयाचा असतो, आणि शून्याजवळचा शेवटचा टप्पाच सर्वांत सावकाश कळतो.

पेटी म्हणजे संवादिनी हीही समान भागांच्या सप्तकात लावलेली असते. तिच्या पत्त्या घासून सूर चढविता-उतरविता येतो, पण ते कारागिराचे काम आहे. वादकास मैफलीत काही करता येत नाही. पेटीच्या पंचमावरून तंबोऱ्याचा पंचम लावला, तर त्याचा चौथा उपस्वर जोडीच्या तिसऱ्या उपस्वराशी सु. ०·७ विस्पंद देतो. दर दीड सेकंदास येणारा हा हेलकावा खुल्या जवारीत लगेच जाणवतो. पेटीवरून फक्त षड्ज घ्यावा, ही शिकवण त्यामुळे सर्वस्वी सयुक्तिक आहे. पेटीचा गंधार व तंबोऱ्याचा स्वयंभू गंधार यांतील तफावत मात्र जुळवणीने मिटणारी नाही. महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींच्या पेटीचा जो खटाटोप केला, त्याच्या मुळाशी हीच तफावत होती.

कारागिरी : जुळवणी टिकण्याचा पाया वाद्य घडविणाऱ्याच्या हाती असतो. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यनिर्मितीस आरंभ केल्याचे मानले जाते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर या धंद्यात आले आणि मिरजेचा तंबोरा देशभर नावाजला. मोठे भोपळे प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे-पंढरपूर भागातून येतात व दांडी-तबलीसाठी तूनसारखे हलके लाकूड वापरतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक चिन्हांकनही मिळाले. लाकूड पुरेसे मुरलेले नसेल, तर दांडी ताणाखाली हळूहळू वाकते व अशा तंबोऱ्यास कोणीच कायमचे लावू शकत नाही.

घोडी पूर्वी हस्तिदंताची करीत. नंतर सांबरशिंग, हाड, लाकूड व अलीकडे कृत्रिम पदार्थ वापरात आले. तारांच्या घर्षणाने घोडीवर बारीक खाचा पडतात, जवारी बंद होते आणि ती कानशीने घासून पुन्हा काढावी लागते. कारागीर थोडे घासतो, तार चढवितो, ऐकतो, उतरवितो व पुन्हा घासतो. चारही तारांची जवारी सारखी उघडी करण्यास काही तास सहज जातात, कधी दिवसही मोडतो. घासलेले परत भरून काढता येत नसल्याने येथे घाईची किंमत घोडी बदलून मोजावी लागते. हे काम उत्तम जाणणारे हात थोडे आहेत. त्यांच्याकडे वाद्य पाठविण्याऐवजी धाग्यावर भागवीत राहणे, ही अनेक विद्यालयांतील तंबोऱ्यांची शोकांतिका आहे. बंद जवारीच्या वाद्यावर वर्षानुवर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याचा कान उपस्वरांना मुकतो, व पुढे चांगले वाद्य हाती आले तरी ते लावण्यास त्याला कष्ट पडतात.

यांत्रिक साधने : १९८० नंतर विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी घरोघर पोहोचली व पुढे तिची जागा बऱ्याच अंशी भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रित तंबोऱ्याने घेतली. तिला जुळवणी लागत नाही. प्रवासात व एकट्याच्या रियाजात तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु तंबोरा लावणे हाच शिष्याच्या कानाचा पहिला धडा असे, तो धडा तिच्यामुळे गळाला. सूर दाखविणारी यंत्रे सप्तकाच्या १,२०० व्या भागाइतका, म्हणजे एका सेंटचा फरक दर्शवितात. जोडीच्या २२० कंप्रतेस एक सेंट म्हणजे सु. ०·१३ कंपने, अर्थात आठ सेकंदांचा एक विस्पंद. गोंगाटाच्या जागी तार जवळ आणण्यास हे यंत्र उत्तम. मात्र छेडल्या क्षणी चढी व नंतर उतरी असणाऱ्या तारेचा नेमका कोणता क्षण मोजावयाचा, हे त्यास ठरविता येत नाही. शिवाय बहुतेक यंत्रांतील पंचम समान भागांच्या सप्तकातला, म्हणजे पेटीचाच असतो. तो जसाच्या तसा घेतल्यास पेटीवरून लावल्याचाच दोष येतो.

प्रवासात तारा किंचित उतरवून ठेवण्याचा प्रघात आहे, कारण उन्हात तापलेल्या वाहनात पूर्ण ताणलेल्या वाद्यावर नाहक भार येतो. असा तंबोरा मुक्कामी पोहोचताच एकदा सुरापर्यंत चढवून तासभर तसाच ठेवावा, उतरलेला सूर पुन्हा भरून काढावा आणि मगच जवारीच्या धाग्यास हात लावावा.